महापालिकेच्या शाळेत एनएसएसचा वाचनवर्ग: पहिल्या पत्रापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

दरवर्षी ठरलेलं चित्र असतं. कॉलेजचं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) एकक जवळची महापालिकेची शाळा निवडतं, पहिल्या दिवशी चाळीस स्वयंसेवक उत्साहाने धडकतात, फळ्यापुढे उभं राहून अख्ख्या वर्गाला शिकवू लागतात. दुसऱ्या आठवड्यात पंधरा उरतात, गणपतीनंतर चार. शेवटी चित्रकला स्पर्धा घेतली जाते, फोटो अहवालात लागतो, आणि पाचवीतला जो मुलगा जूनमध्ये वाक्य वाचू शकत नव्हता तो फेब्रुवारीतही वाचू शकत नाही.

मुलांमध्ये काही कमी आहे हे याचं कारण नव्हे. कामाचा क्रम चुकतो. इथे दिलेली पद्धत तिसरी ते पाचवीच्या साधारण तीस मुलांसाठी आहे, म्हणजे वर्गात बसतात पण सलग वाचता येत नाही अशा मुलांसाठी. सगळी मदार तीन गोष्टींवर आहे: तीच मुलं, तोच तास, तेच चेहरे.

## १. माणसं आणि वेळापत्रक आधी, शाळा नंतर

वर्ग आठवड्यातून चार दिवस चालला तर वाचनात फरक पडतो, एका दिवसाने पडत नाही. पण एका स्वयंसेवकाला चार दिवस जमणार नाही, म्हणून दोन चमू करा. पहिला सोमवार-बुधवार, दुसरा मंगळवार-गुरुवार. प्रत्येक चमूत सहा जण, शिवाय चार जण बदलीवर. एकूण सोळा. याहून जास्त नावं आली तर त्यांना दुसरी शाळा द्या, याच वर्गात कोंबू नका.

निवड उत्साह बघून करू नका, वेळापत्रक बघून करा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: त्या दोन दिवशी प्रॅक्टिकल आहे का, शाळा घराच्या किंवा कॉलेजच्या वाटेवर आहे का, आणि घरी किंवा नोकरीवर ही वेळ माहीत आहे का. विज्ञान शाखेची मुलं इथेच गळतात, कारण प्रॅक्टिकलची बॅच जुलैत ठरते आणि नाव त्याआधीच दिलेलं असतं.

वर्षाचा हिशेबही आधी मांडा. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात (विदर्भात त्यानंतर), पण कॉलेजचे प्रवेश आणि नव्या स्वयंसेवकांची नोंदणी लांबत जाते. म्हणून पहिल्या सत्रात दुसऱ्या वर्षाचे स्वयंसेवक कामाला लावा आणि नवे त्यांच्याबरोबर बसवा. हाताशी खरी दोनच सलग खिडक्या असतात: जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत. मधे शाळेची सत्र परीक्षा, कॉलेजची परीक्षा आणि एनएसएसचं सात दिवसांचं विशेष शिबिर येतं. दोन्ही मिळून चोवीस आठवडे हाती लागले तरी पुष्कळ.

तपासा: सोळा जणांचं आठवड्याचं वेळापत्रक एका कागदावर आहे का? नसेल तर शाळेकडे जायची घाई नको.

## २. पत्र आणि परवानगी

मुख्याध्यापक तोंडी “या की” म्हणाले म्हणजे परवानगी मिळाली, असं समजू नका. त्यांची बदली झाली की नवे येतात आणि विचारतात, “तुम्ही कोण?”

१. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, त्यावर प्राचार्य आणि एनएसएस कार्यक्रम अधिकारी दोघांच्या सह्या.
२. पत्र महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या नावाने, प्रत मुख्याध्यापकांना. मुंबईत वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडून सुरुवात करा.
३. पत्रात वार, वेळ, किती मुलं, कोणत्या इयत्ता, स्वयंसेवकांची यादी आणि सुरुवात-शेवटच्या तारखा. “विविध उपक्रम राबवण्याबाबत” असं मोघम लिहिलं की पत्र टेबलावर पडून राहतं.
४. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या चौकशीत तोच क्रमांक विचारतात.

मुंबईकरांनी एक जास्त बघायचं. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा असतात. मजला वेगळा, मुख्याध्यापक वेगळे. पत्रावर इमारतीचं नाव नको, शाळेचं पूर्ण नाव आणि माध्यम हवं.

## ३. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांची भेट

दोघांनीच जा, कार्यक्रम अधिकारी असतील तर उत्तम. योजना ऐकवत बसू नका, विचारायला जा:

“मॅडम, खिचडी किती वाजता वाटतात? त्यानंतरचा तास कोणाचा असतो? आम्ही बसलो तर कोणत्या तासाला कमी अडचण होईल?”

पोषण आहाराआधीचा अर्धा तास मुलांचं लक्ष पातेल्याकडे असतं, आणि शेवटच्या तासाला दप्तरं भरलेली असतात. आहारानंतरचा पहिला तास सगळ्यात चांगला. खेळाचा तास मात्र कधीही घेऊ नका. शाळा तो सहज देऊ करते, कारण तिची गैरसोय होत नाही. मुलांना मात्र ती शिक्षाच वाटते, आणि आठवड्याभरात “ताई, माझं पोट दुखतंय” सुरू होतं.

वर्गशिक्षकांना वेगळं भेटा. बाहेरची मुलं आपली तपासणी करायला आली आहेत, ही भीती तिथे असतेच. त्यांना स्पष्ट सांगा की निकाल आधी त्यांना दाखवला जाईल आणि त्यांच्या परवानगीशिवाय वर जाणार नाही. मुलांची पहिली यादीही त्यांच्याकडूनच घ्या. कोण दोन महिन्यांसाठी गावी जातं, कोणाच्या घरी वडारी, बंजारा किंवा कन्नड बोलतात, कोणाला फळा नीट दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

खोली एकच मागा आणि रोज तीच. व्हरांडा मिळाला तर चालेल. रोज नवी रिकामी खोली शोधत फिरलात तर पंधरा मिनिटं त्यातच जातात.

## ४. साहित्य

तीस मुलांसाठी एवढं पुरतं:

- बाराखडीचे मोठे तक्ते ४, दोन हात लांबून दिसतील असे
- ठळक अक्षरातल्या छोट्या गोष्टी, चार ते आठ वाक्यांच्या, किमान २०. प्रत्येकीच्या ६ प्रती
- पाट्या ३०, खडूची खोकी, फडकी
- आइस्क्रीमच्या काड्या, गटागणिक १००, आणि रबरबँड १०
- १ ते १०० चा अंकतक्ता ३
- तपासणीचे नमुने, एकाच काठिण्याचे पण वेगळ्या मजकुराचे, ४ संच
- हजेरीपट, तपासणीपत्रक, निरोपाची वही

खराट्याच्या काड्या फुकट मिळतात म्हणून आणू नका, टोचतात. पाठ्यपुस्तक या यादीत मुद्दाम नाही. कारण पुढच्याच टप्प्यात कळेल.

## ५. पहिली तपासणी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. शिकवण्याआधी प्रत्येक मूल एकेकटं तपासायचं. वर्गात बसवून नव्हे, व्हरांड्यात, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. एका मुलाला साधारण पाच मिनिटं लागतात. सहा जण बसले तर तीस मुलं अर्ध्या तासात होतात.

मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणात वापरतात तो क्रम सोपा आणि पारखलेला आहे. सुरुवात अक्षरांपासून करू नका, परिच्छेदापासून करा.

१. चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या. मूल वाक्यासारखं सलग वाचतं आणि चुका तीनपेक्षा जास्त नाहीत, तर पुढे गोष्ट द्या. गोष्टही जमली तर स्तर ‘गोष्ट’, नाही तर ‘परिच्छेद’.
२. परिच्छेद अडखळत, एकेक शब्द सुटा करत वाचला, तर शब्द द्या. कोणतेही पाच, चार बरोबर आले तर स्तर ‘शब्द’.
३. शब्द जमले नाहीत तर अक्षरं. पाचपैकी चार बरोबर, तर ‘अक्षर’. तेही नाही, तर ‘प्रारंभिक’.

गणितात सुरुवात हातच्याच्या दोन अंकी वजाबाकीपासून. दोन्ही उदाहरणं बरोबर आली तर तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. नाही आली तर दोन अंकी संख्या ओळखायला द्या, मग एक अंकी. पाचपैकी चारचा नियम तोच.

नेहमीच्या चुका अशा:

पाठ केलेलं वाचन. पुस्तकातला धडा दिला की मुलगा बोट सरकवत धडाधड म्हणतो आणि आपण ‘गोष्ट’ असं लिहून मोकळे होतो. शंका आली तर दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवून विचारा, “हा कोणता?” तो जर पहिल्या ओळीपासून पुटपुटत तिथवर येत असेल, तर तो वाचत नाही, म्हणतो आहे.

मदत. पहिलं अक्षर सुचवणं, ओठ हलवणं, चुकल्यावर “नीट बघ” म्हणणं. तपासणीत यातलं काहीच नको. चेहरा हसरा ठेवा आणि गप्प बसा.

फक्त बरोबर-चूक लिहिणं. शेजारी चूकही लिहा. ‘भ’ला ‘म’, ‘घ’ला ‘ध’, वेलांटी सोडून दिली, जोडाक्षरावर थांबला. पहिल्या महिन्यात काय शिकवायचं हे त्या रकान्यातूनच ठरतं.

घरी हिंदी बोलणारी काही मुलं मराठी परिच्छेद सफाईने वाचतात, कारण लिपी तीच. अर्थ मात्र लागलेला नसतो. म्हणून शेवटी एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर हिंदीत आलं तरी चालवा.

## ६. गट पाडणं

गट स्तराने पाडा, इयत्तेने नको. पाचवीतला ‘अक्षर’ स्तरावरचा मुलगा तिसरीतल्या मुलांबरोबर बसेल. त्याला लाज वाटणार, हे खरंच आहे. म्हणून गटांना क्रमांक देऊ नका, ‘कच्चा-पक्का’ तर अजिबात म्हणू नका. भीमा, कृष्णा, इंद्रायणी अशी नावं द्या. मोठ्या मुलाकडे पाट्या वाटायचं काम सोपवलं की त्याचं बसणं सोपं जातं.

तीन गट पुरतात: प्रारंभिक आणि अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. प्रत्येक गटाला दोन स्वयंसेवक. पहिल्या गटात बारापेक्षा जास्त मुलं नकोत, तिसरा मोठा असला तरी चालतो.

खबरदारी: छान बोलणारे, हुशार स्वयंसेवक आपोआप तिसऱ्या गटाकडे सरकतात, कारण तिथे मुलं उत्तरं देतात. सर्वांत धीराचे दोघे पहिल्या गटाला द्या आणि सत्रभर बदलू नका.

## ७. रोजचा एक तास

पंधरा मिनिटं आधी पोहोचा, दारावरच्या वहीत नाव-वेळ लिहा, ओळखपत्र गळ्यात असू द्या, निरोपाची वही उघडून काल काय झालं ते वाचा. मग तास.

पहिली ५ मिनिटं: हजेरी आणि गप्पा. काल न आलेल्याला “का नाही आलास?” असं दटावण्यापेक्षा काल कोणती गोष्ट झाली ते शेजारच्याला सांगायला लावा.

पुढची १५: गोष्ट. स्वयंसेवक आधी सावकाश, शब्दाखाली बोट फिरवत वाचतो. मग मुलं बरोबरीने, मग एकेक मूल एकेक वाक्य. न जमणाऱ्याने फक्त बोट फिरवलं तरी चालेल, पण बोट आणि आवाज एका शब्दावर हवेत. तिथे अंतर पडलं की लगेच दिसतं.

पुढची १५: पहिल्या दोन गटांत बाराखडी. तक्ता आडवा वाचला की मुलं ‘क का कि की’ गाऊ लागतात. ते गाणं झालं, वाचन नव्हे. म्हणून उभा वाचा: का, खा, गा, घा. मग कुठेही बोट ठेवून विचारा. मग उलटं करा: “मी ‘मामी’ म्हणते, तू अक्षरं शोध.” मुलांच्या नावांवर ही गंमत लवकर रंगते. तिसऱ्या गटात या वेळात गोष्टीवर प्रश्न तयार करायला लावा. उत्तरं देण्यापेक्षा प्रश्न काढणं अवघड असतं.

पुढची १५: लेखन किंवा गणित, आठवड्यात दोन-दोन दिवस. दोन्ही चमूंची मुलं तीच असल्याने सोमवार-गुरुवार लेखन आणि मंगळवार-बुधवार गणित ठेवा, म्हणजे दोन्ही चमूंच्या वाट्याला दोन्ही येतं. लेखनात फळ्यावरून उतरवून घेऊ नका. मूल जो शब्द तोंडाने बोलेल तोच त्याने लिहायचा, चुकीचा का असेना, आणि मग तक्त्यावर ताडून पाहायचा.

गणितात काड्या खाली ठेवून सुरुवात. ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं की पुष्कळ मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढून मोकळी होतात. नियम पुन्हा सांगून उपयोग नाही. दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या आणि सात सुट्या मागा. तो अडेल. अडू द्या. मग एका गठ्ठ्याचा रबर त्यालाच काढू द्या: चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. ‘हातचा’ हा शब्द यानंतर आणा, आधी नको.

शेवटची १०: प्रत्येक गटातून एक मूल उभं राहून काहीतरी वाचतं, मग साहित्य मुलांनीच गोळा करायचं. काड्या मोजून घ्या.

मुलं वर्गात परतल्यावर लगेच जायचं नाही. अर्धा तास बसून निरोपाची वही लिहा. उद्या दुसरा चमू येणार आहे आणि त्याला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही. नोंद अशी हवी: “भीमा गट: ओकारापर्यंत झालं. दोघं अजून ‘कि’ आणि ‘के’ घोळतात. गोष्ट क्र. ७ अर्धी.” “आज छान झालं” ही नोंद नव्हे.

## ८. न मोडायचे नियम

- मारणं, कान पिळणं, अंगठे धरायला लावणं, सर्वांसमोर चिडवणं, काहीही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.
- एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसू नका. दार उघडं, आणि स्वयंसेवक दोन.
- चॉकलेट, पैसे, जुने कपडे वाटू नका. एकदा वाटलं की पुढचा महिना मुलं त्याचीच वाट बघतात.
- फोन दप्तरात. मुलांचे फोटो फक्त शाळेच्या लेखी परवानगीने, आणि स्वतःच्या स्टेटसवर कधीच नाही.
- मूल पडलं, उलटी झाली, तर आधी वर्गशिक्षकांना बोलवा. स्वतःच्या पिशवीतली गोळी देऊ नका.

एखादं मूल अंगाला हात लावण्याबद्दल किंवा अत्याचाराबद्दल काही बोललं तर ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका, “कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कार्यक्रम अधिकारी व मुख्याध्यापकांना सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२च्या कलम १९प्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. वरिष्ठांना सांगितलं म्हणजे आपलं संपलं, असं होत नाही. तक्रार खरोखर नोंदली गेली का ते पाहा. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८. नाव स्वयंसेवकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, आडूनसुद्धा नाही.

## ९. दांड्या, बदली आणि तासांचा हिशेब

न येणाऱ्याने आदल्या रात्री आठपर्यंत आपल्या चमूच्या प्रमुखाला कळवायचं आणि बदलीवरच्या माणसाने निरोपाची वही वाचूनच गटात बसायचं. सहापैकी चार आले तरी वर्ग चालतो. मधला आणि तिसरा गट एकत्र बसवा, पहिला तोडू नका. कॉलेजच्या परीक्षेच्या तारखा मुलांना दोन आठवडे आधी सांगा. न सांगता गायब झालात तर परत आल्यावर निम्मी मुलं उठून येत नाहीत.

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास लागतात, दोन वर्षांचे २४०. एका फेरीत तयारी, वर्ग आणि नोंदी धरून पावणेदोन तास होतात. आठवड्याला दोन फेऱ्या, चोवीस आठवडे, म्हणजे ८४ तास. उरलेले ३६ एककाच्या इतर कार्यक्रमांतून भरा. प्रवासाचा वेळ धरतात का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारा. कार्यदैनंदिनीवर वर्गशिक्षकांची सही त्याच दिवशी घ्या. फेब्रुवारीअखेर एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली डायरी कोणालाही ओळखू येते.

## १०. मधली आणि शेवटची तपासणी

दर चार आठवड्यांनी गट पुन्हा पाहा. ज्याचा स्तर वर गेला त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात हलवा. सत्र संपेपर्यंत थांबलात तर त्याचे दोन महिने फुकट जातात.

शेवटची तपासणी पहिल्यासारखीच, तेच नियम, पण नमुना वेगळा आणि तपासणारा त्या गटाचा स्वयंसेवक नको. आपल्या मुलाच्या चुका आपल्याला कमी ऐकू येतात. तुलना करताना दोन्ही वेळा हजर असलेलीच मुलं धरा. मधेच गावी गेलेल्यांचा आकडा वेगळा द्या, लपवू नका.

मुख्याध्यापकांना एका पानाचा तक्ता पुरतो: प्रत्येक स्तरावर आधी किती होती, आता किती आहेत. खाली, जी मुलं अजून ‘अक्षर’वरच आहेत त्यांची यादी आणि प्रत्येकाच्या नावापुढे नेमकं कुठे अडतं ते.

पुढच्या तुकडीसाठी एक फाइल ठेवा: परवानगीपत्राची शिक्क्याची प्रत, दोन्ही तपासणीपत्रकं, निरोपाच्या वह्या, साहित्याची मोजलेली यादी, आणि कपाटाची किल्ली कोणत्या मावशींकडे असते ते. मुलांच्या याद्या असल्यामुळे ती कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या कपाटात राहू द्या, कोणाच्या घरी किंवा फोनमध्ये नको.